अनंत मितीत पहिली पावलं : तंबोरा, वही आणि √२

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी एम.एस्सी. गणिताची मुलं येतात. फंक्शनल ॲनालिसिसचा, म्हणजे अनंत मितीच्या अवकाशांच्या गणिताचा, पेपर सुरू झाला की बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. व्याख्या पाठ असतात, हान–बनाखचं प्रमेय न चुकता लिहून दाखवतात, पण "एकक गोळा बंद आहे, मर्यादित आहे, मग कॉम्पॅक्ट आहे ना?" असं विचारलं की माना होकारार्थी हलतात. (एकक गोळा म्हणजे केंद्रापासून १ अंतरापर्यंतचे सगळे बिंदू; कॉम्पॅक्ट म्हणजे संचातल्या कुठल्याही क्रमिकेतून संचातल्याच एखाद्या बिंदूकडे जाणारी उपक्रमिका निवडता येणं.) यात मुलांचा दोष नाही. आपले डोळे तीन मितींत वाढलेले असतात आणि ते सगळीकडे तीन मितीच पाहतात. त्या डोळ्यांना नवी सवय कशी लावायची, ते इथे मी शिकवतो त्याच क्रमाने लिहितो आहे.

हाताशी काय हवं? बी.एस्सी.चं रेषीय बीजगणित, क्रमिकेचं अभिसरण, आणि एक जाड वही. वही हवीच, कारण इथे चित्र दगा देतं आणि हिशोब साथ देतो. रोज एक तास दिलात तर दोन महिन्यांत खालच्या पायऱ्या अंगवळणी पडतील. जागा शांत निवडा. घरात जमत नसेल तर विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय आहे, मांडवीचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. मांडवीच्या ग्रंथालयातले काचेचे मजले एकदा तरी बघून या.

पायरी १ : आकडे मोजा

जुन्या शहराच्या मध्यावरच्या मांडवीच्या इमारतीखाली उभे राहा. पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट असे चार दरवाजे. जुन्या शहरातलं कुठलंही घर सांगायला दोन आकडे पुरतात : पूर्व-पश्चिम किती चालायचं आणि उत्तर-दक्षिण किती. घर वरच्या मजल्यावर असेल तर आणखी एक. जागा नक्की सांगायला कमीत कमी जितके आकडे लागतात, तितक्या मिती.

आता सुरसागर तलावाच्या काठाशी या. तिथल्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीचं मूळ म्हणजे १८८६ साली मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा. तिथे कुणी तंबोरा लावत असेल तर क्षणभर थांबा. छेडलेल्या तारेचा आकार सांगायला किती आकडे लागतील? तार एकाच वेळी पूर्ण लांबीने हलते, दोन भागांत हलते, तीन भागांत हलते, आणि हे पुढे चालूच राहतं. प्रत्येक हालचालीचा जोर हा एक आकडा. षड्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो या यादीतल्या पाचव्या आकड्याचा आवाज. गणितातल्या आदर्श तारेला ही यादी कुठेच संपत नाही. तारेचा आकार म्हणजे (क्ष१, क्ष२, क्ष३, …) ही न संपणारी यादी, आणि अशा सगळ्या यादींचा मिळून अनंत मितीचा अवकाश. अनंत मिती ही हौशीची कल्पना नाही. कानाने ऐकू येणारी वस्तू नीट लिहायला गेलं की ती आपोआप समोर येते.

पायरी २ : मोजपट्टी निवडा

यादीची लांबी मोजायची पट्टी म्हणजे नॉर्म. नवख्याने तीन पट्ट्या ओळखून ठेवाव्यात. आकड्यांच्या निरपेक्ष किमतींची बेरीज घेतली की एल-वन. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे आपलं पायथागोरस, ते एल-टू. सगळ्यात मोठा आकडा तेवढा धरला की सप-नॉर्म. ज्या यादी शून्याकडे जातात त्यांना ही पट्टी लावली की सी-नॉट.

वहीत (१, १/२, १/३, १/४, …) ही यादी लिहा. वर्गांची बेरीज π²/६ भरते, म्हणून ती एल-टूमध्ये बसते. नुसती बेरीज मात्र अनंताकडे जाते, म्हणून ती एल-वनमध्ये नाही. मग दुसरं उदाहरण, इथे न म्हणजे वाढत जाणारा कुठलाही पूर्णांक : पहिल्या न जागी १/न, पुढे सगळी शून्यं. सप-नॉर्म १/न, एल-टू नॉर्म १/√न, दोन्ही शून्याकडे जातात. एल-वन नॉर्म कायम १. मर्यादित मितीत पट्टी कुठलीही घेतली तरी अभिसरणाचा निकाल तोच लागतो. इथे पट्टी बदलली की निकाल बदलतो. म्हणून यापुढे अभिसरण म्हटलं की आधी विचारा, कोणत्या पट्टीने?

पायरी ३ : √२ शी मैत्री करा

या पायरीवर घाई करू नका. माझ्या मते अर्धा विषय इथेच आहे.

एल-टूमध्ये ए१ म्हणजे (१, ०, ०, …), ए२ म्हणजे (०, १, ०, …), आणि असेच पुढे. प्रत्येकाची लांबी १, म्हणजे सगळे एकक गोळ्यात. आता कुठल्याही दोघांमधलं अंतर काढा : √(१ + १) = √२. ए१ आणि ए२ मध्ये √२, ए७ आणि ए७००० मध्येही √२. एकाच गोळ्यात अगणित पाहुणे उतरले आहेत आणि कुणीही कुणाच्या जवळ नाही. अशा क्रमिकेतून अभिसारी उपक्रमिका निघणार कशी? निघत नाही. म्हणून गोळा बंद आहे, मर्यादित आहे, तरी कॉम्पॅक्ट नाही.

हे फक्त एल-टूपुरतं नाही. लंब म्हणजे काय हे ज्या अवकाशात सांगताच येत नाही तिथेही फ्रिजेश रीसचं १९१८ मधलं एक छोटं साहाय्यक प्रमेय कामाला येतं : कुठल्याही बंद, अपुऱ्या उपअवकाशापासून जवळजवळ १ अंतरावर एक एकक सदिश नेहमी सापडतो. एक घ्या, त्याच्या उपअवकाशापासून दूर दुसरा घ्या, त्या दोघांपासून दूर तिसरा. मिती अनंत असेल तर हे कधीच थांबत नाही. म्हणजे एकक गोळा कॉम्पॅक्ट असणं आणि मिती मर्यादित असणं या दोन्ही एकाच गोष्टी आहेत. मला हे वाक्य फार आवडतं, कारण एका बाजूला टॉपॉलॉजी (न तोडता ताणलं-वाकवलं तरी टिकणाऱ्या गुणांचा अभ्यास) आहे, दुसऱ्या बाजूला नुसती मोजणी, आणि मध्ये बरोबरीचं चिन्ह.

गोळ्यात किती जागा असते याचाही अंदाज घ्या. आधी मर्यादित मितीत बघा. त्रिज्या १ असलेल्या गोळ्याचं आकारमान पाचव्या मितीत सगळ्यात जास्त, सुमारे ५.२६, विसाव्या मितीत ते ०.०२६ च्या आसपास उतरतं. मग एल-टूमध्ये या. प्रत्येक ए-च्या दिशेने २ − √२ एवढं अंतर जा आणि तिथे √२ − १, म्हणजे सुमारे ०.४१४ त्रिज्येचा छोटा गोळा ठेवा. बेरीज करा : (२ − √२) + (√२ − १) = १, म्हणजे छोटा गोळा मोठ्याच्या आतच राहतो. दोन केंद्रांमधलं अंतर √२ × (२ − √२) = २(√२ − १), म्हणजे शेजारचे गोळे टेकतात, पण एकमेकांत घुसत नाहीत. असे अगणित गोळे त्या एकाच मोठ्या गोळ्यात मावले.

याचा परिणाम दूरवर जातो. सरकवलं तरी न बदलणारं आकारमान इथे मागितलं आणि मोठ्या गोळ्याला मर्यादित आकारमान दिलं, तर प्रत्येक छोट्या गोळ्याच्या वाट्याला शून्यच येतं. सारा अवकाश मोजता येण्याजोग्या, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देता येतील इतक्या, छोट्या गोळ्यांनी झाकता येत असल्याने मग सगळ्याचंच आकारमान शून्य होतं. शाळेपासून वापरत आलेलं घनफळ अनंत मितीत चालत नाही ते यामुळे.

पायरी ४ : शेपूट तपासा

मग कॉम्पॅक्ट काही असतं का? असतं, आणि ते तंबोऱ्यातच आहे. आदर्श तार एका जागी ओढून सोडली तर न-व्या कंपनाचा जोर १/न² च्या पटीत घटतो. वरच्या आकड्यांवर असा लगाम असला की पळून जायला जागाच उरत नाही.

हिल्बर्टची पेटी हे याचं ठरलेलं उदाहरण : पहिला आकडा ० ते १, दुसरा ० ते १/२, तिसरा ० ते १/३, असं पुढे. बाजू अगणित, तरी कर्णाची लांबी √(१ + १/४ + १/९ + …), म्हणजे सुमारे १.२८. ही पेटी एल-टूमध्ये कॉम्पॅक्ट आहे. उलट सगळ्या बाजू १ ठेवल्या तर न मितीच्या पेटीचा कर्ण √न. शंभर मितीत तो १० होतो आणि पुढे वाढतच राहतो.

एल-टूपुरता सोपा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. संच बंद असावा, मर्यादित असावा, आणि सगळ्या सदस्यांची शेपूट एकाच वेळी लहान होत जावी. म्हणजे कितीही लहान मर्यादा सांगा, एक जागा अशी सापडावी की तिच्यापुढच्या आकड्यांचा एकूण भार संचातल्या प्रत्येक सदस्यासाठी त्या मर्यादेच्या आत राहील. ए१, ए२, ए३ यांची शेपूट बघा, सगळा भार तिच्यातच! म्हणून ते नापास. आणखी एक लक्षात ठेवा : पेटी कॉम्पॅक्ट असली तरी तिच्या आत एकही गोळा मावत नाही, कितीही छोटा घेतला तरी. अनंत मितीतला प्रत्येक कॉम्पॅक्ट संच असाच सडपातळ असतो.

पायरी ५ : दुबळं अभिसरण कानाने समजून घ्या

प्रत्येक श्रोत्याचा कान एकेका ठरावीक मिश्रणाला लावलेला आहे असं समजा. गणितात असा कान म्हणजे संतत रेषीय फंक्शनल. एल-टूमध्ये प्रत्येक कान ही पुन्हा एल-टूमधलीच एक यादी (य१, य२, …) असते, आणि ए-न वाजला की त्या कानाला फक्त य-न ऐकू येतो. य-च्या वर्गांची बेरीज मर्यादित, म्हणून य-न शून्याकडे जातो. प्रत्येक श्रोता काही वेळाने म्हणतो, "थांबलं." तारेचा जोर मात्र कायम १ आहे. स्वर वर, आणखी वर सरकत गेला आणि एकेकाच्या कानातून निसटला. ए-न दुबळेपणाने शून्याकडे जातो, नॉर्मने जात नाही, ते या अर्थाने.

दुबळं म्हणून त्याला कमी लेखू नका. गोळ्याने गमावलेला कॉम्पॅक्टपणा इथे परत मिळतो : एल-टूमधल्या प्रत्येक मर्यादित क्रमिकेला दुबळेपणाने अभिसारी उपक्रमिका असते. एखाद्या अवकाशाचे सगळे कान मिळून जो अवकाश होतो तो त्याचा द्वैत; द्वैत अवकाशांसाठी याचं व्यापक रूप म्हणजे बनाख–अलाओग्लूचं प्रमेय. समीकरणाचं उत्तर अस्तित्वात आहे हे सिद्ध करायला संशोधक रोज हीच वाट धरतात.

मुलांचा गोंधळ होतो तो लांबीच्या हिशोबात. दुबळ्या सीमेत लांबी हरवू शकते, वाढू मात्र शकत नाही. आणि ती हरवली नाही तर? समजा क्ष-न दुबळेपणाने क्ष-कडे गेला आणि लांबीही क्ष-च्या लांबीकडे गेली. दोघांमधल्या अंतराचा वर्ग उलगडा : क्ष-नच्या लांबीचा वर्ग, वजा क्ष-न आणि क्ष यांच्या अंतर्गुणाकाराची दुप्पट, अधिक क्ष-च्या लांबीचा वर्ग. मधलं पद क्ष-च्या लांबीच्या वर्गाच्या दुपटीकडे जातं आणि बेरीज शून्यावर येते. म्हणजे अभिसरण नॉर्मनेच झालं. हा एका ओळीचा हिशोब स्वतःच्या हाताने तीनदा करा. गेट आणि नेट या परीक्षांच्या तयारीतही तो कामी येतो. एल-वनची गंमत मात्र वेगळीच : तिथे क्रमिकांपुरतं दुबळं आणि नॉर्मचं अभिसरण एकच आहे, हे शूरने १९२१ मध्ये दाखवलं.

पायरी ६ : गोळ्याचे कोपरे बघा

दोन मितींत तीन पट्ट्यांचे एकक गोळे काढा. एल-टूचा वर्तुळ, एल-वनचा शंकरपाळी, सपचा बर्फीची चौकोनी वडी. शंकरपाळीला चार कोपरे, वडीला चार, आणि वर्तुळाच्या काठावरचा प्रत्येक बिंदू हा एक कोपराच. इथे कोपरा म्हणजे असा बिंदू जो गोळ्यातल्या कुठल्याच दोन वेगळ्या बिंदूंच्या मध्यावर येत नाही.

आता सी-नॉटमध्ये चला. गोळ्यातली कुठलीही यादी घ्या. ती शून्याकडे जाते, म्हणजे कुठल्या तरी जागी आकडा १/२ पेक्षा लहान असणारच. त्या जागी एकदा १/२ मिळवा, एकदा १/२ वजा करा. दोन्ही नव्या यादी गोळ्यातच राहिल्या, आणि मूळ यादी त्यांच्या बरोबर मध्यावर. म्हणजे तो बिंदू कोपरा नाही. यादी कुठलीही घेतली असती तरी हेच झालं असतं, म्हणून सी-नॉटच्या गोळ्याला एकही कोपरा नाही. दोन मितींत चार कोपरे, तीन मितींत आठ, दहा मितींत १,०२४, आणि अनंत मितीत एकदम शून्य. हा हिशोब पहिल्यांदा जुळला तेव्हा मी बराच वेळ वहीकडे बघत बसलो होतो.

याला फळही आहे. क्राइन आणि मिल्मन यांच्या १९४० च्या प्रमेयातून असं निघतं की दुसऱ्या कुठल्या बनाख अवकाशाचा (नॉर्म असलेला, आणि ज्यात एकमेकांजवळ येत जाणाऱ्या क्रमिकांची सीमा आतच सापडते असा अवकाश) द्वैत असलेल्या अवकाशाच्या गोळ्याला कोपरे असावेच लागतात. सी-नॉटला ते नाहीत, म्हणून त्याच्या नॉर्मसकट तो कुणाचाच द्वैत असू शकत नाही. एवढा मोठा निष्कर्ष निघाला तो केवळ गोळ्याच्या आकारावरून.

नॉर्म अंतर्गुणाकारातून आला आहे का, हे ओळखायला समांतरभुजाचा नियम लावा : दोन कर्णांच्या वर्गांची बेरीज ही दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेची दुप्पट हवी. हा नियम पुरेसा आहे हे योर्डान आणि फॉन नॉयमन यांनी १९३५ मध्ये सिद्ध केलं. ए१ आणि ए२ घेऊन तपासा. दुप्पट ४ येते. एल-टूमध्ये कर्णही २ + २ = ४ देतात. एल-वनमध्ये ४ + ४ = ८, सप-नॉर्ममध्ये १ + १ = २. शंकरपाळी आणि वडी दोन्ही नापास.

प्रत्येक अवकाशात ए१, ए२ यांच्यासारखा सोयीचा पाया असतो का, असं मुलं विचारतात, आणि प्रश्न अगदी योग्य आहे. तेव्हाच्या पोलंडमधल्या ल्वूवच्या एका कॅफेत बनाख आणि त्याचे सहकारी एका वहीत न सुटलेले प्रश्न लिहीत. तिथे माझूरने नोव्हेंबर १९३६ मध्ये याच्या जवळचा एक प्रश्न लिहिला आणि बक्षीस ठेवलं जिवंत हंसी. स्वीडनच्या पेर एन्फ्लोने १९७२ मध्ये उत्तर शोधलं, आणि त्यातच असा पाया नसलेला, पण मोजता येण्याजोग्या बिंदूंनी जवळ गाठता येणारा बनाख अवकाशही सापडला. वॉर्सात माझूरने त्याला खरोखर हंसी दिली.

पायरी ७ : साल आवळून बघा

नवरात्रात गरब्याचं रिंगण डोळ्यांसमोर आणा. मध्ये दिवा. रिंगणाभोवती दोरी धरली आणि आवळत नेली तर ती दिव्यावर अडणारच. तीन मितींत दिव्याभोवती फुग्याची साल असली तरी तसंच : आतल्या बिंदूला न लागता साल एका बिंदूपर्यंत आवळता येत नाही. मर्यादित मिती कितीही वाढवा, हे खरं राहतं.

एल-टूमध्ये लांबी १ असलेल्या सगळ्या बिंदूंची साल घ्या आणि पेन उचला. क्ष = (क्ष१, क्ष२, …) याला एक घर उजवीकडे सरकवा : स(क्ष) = (०, क्ष१, क्ष२, …). क्ष-पासून स(क्ष)पर्यंत सरळ रेषेत जा. वाटेत शून्य लागेल का? लागायचं तर स(क्ष) हा क्ष-चा पट असायला हवा. तसं मानलं तर पहिला आकडा शून्य, मग दुसरा शून्य, मग सगळेच शून्य. पण क्ष-ची लांबी १ आहे. म्हणजे शून्य लागत नाही, आणि वाटेतल्या प्रत्येक बिंदूला त्याच्या लांबीने भागून आपण सालीवरच राहू शकतो. आता पहिलं घर मोकळं झालं आहे. स(क्ष) हा ए१ ला लंब आहे, म्हणून स(क्ष)पासून ए१ पर्यंतच्या सरळ वाटेतही शून्य येत नाही. पुन्हा लांबीने भागा. झालं! सगळी साल एकट्या ए१ वर येऊन मिळाली, आणि दिव्याला धक्काही लागला नाही.

टॉपॉलॉजीच्या नजरेने अनंत मितीत सालीला पोकळीच नसते. क्लीने १९५३ मध्ये पुढचं पाऊल टाकलं : एल-टूची साल आणि अख्खा एल-टू एकमेकांत सातत्य न तोडता बदलता येतात. पुढे कादेट्सने दाखवलं की मोजता येण्याजोग्या बिंदूंनी जवळ गाठता येणारे सगळे अनंत मितीचे बनाख अवकाश टॉपॉलॉजीच्या दृष्टीने एकच आहेत. एल-वन, एल-टू, सी-नॉट, सगळे एक! वेगळे करतात ते पट्टी आणि कोपरे. म्हणून पायरी ६ शिवाय पायरी ७ वाचू नका.

पायरी ८ : स्थिर बिंदू हरवतो तिथे थांबा

मर्यादित मितीत ब्राउअरचं प्रमेय सांगतं की बंद गोळ्यातून त्याच गोळ्यात जाणारं संतत फलन एक तरी बिंदू जागच्या जागी ठेवतंच. काकुतानीने १९४३ मध्ये दाखवलं की एल-टूमध्ये हे मोडतं. हे फलन घ्या : क्ष-ला पाठवा (√(१ − लांबीचा वर्ग), क्ष१, क्ष२, …) कडे. येणाऱ्या यादीची लांबी नेहमी १ भरते. एखादा बिंदू स्थिर असेल तर त्याचीही लांबी १, म्हणून पहिला आकडा ०, दुसरा आकडा पहिल्याइतका, म्हणजे ०, तिसराही ०. लांबी १ आणि सगळे आकडे शून्य, हे जमणारच नाही.

शाउडरने १९३० मध्येच यावर उपाय दिला होता : संच बहिर्वक्र (कुठल्याही दोन बिंदूंमधली सरळ रेषा आतच ठेवणारा) आणि कॉम्पॅक्ट असेल तर संतत फलनाला स्थिर बिंदू मिळतोच. मग प्रश्न पडतो की काकुतानीचं फलन हिल्बर्टच्या पेटीवर का चालवू नये? आज रात्री वहीत करून बघा. पेटीतला ए१ घ्या. त्याची लांबी १, म्हणून फलन त्याला (०, १, ०, …) कडे, म्हणजे ए२ वर पाठवतं. पेटीत दुसऱ्या घराची कमाल १/२ आहे. बिंदू पेटीबाहेर पडला. आता पेटीतला असा दुसरा एखादा बिंदू शोधा, ज्याची लांबी १ पेक्षा कमी आहे आणि जो तिसऱ्या घरातून बाहेर पडतो.